मागच्या डाव्या दाराचं लॉक

रविवार, १४ डिसेंबर. काम: गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं लॉक.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. उद्यापासून मी कॉलेजला जायला लागणार. गाडी दिवसभर बाहेर उभी राहणार आणि तिचं एक दार लॉक होत नाही. म्हणून आज हे काम काढलं. तुमच्या आठवणीसाठी वगैरे काढलेलं नाही. भेटायला येणारे विचारतात, "वेळ जात नसेल ना हो?" मला वेळ पुरत नाही. पेन्शनचे कागद आहेत, बँक आहे, गॅसचं कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्यात हे लॉक, जे तुम्ही आठ महिने 'बघतो' म्हणत होता.

ड्रायव्हरच्या दाराचं बटण दाबलं की चारही दारांतून 'खट' असा आवाज यायला हवा. आपल्या गाडीत एप्रिलपासून तीनच आवाज येतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "मोटर थकली असेल. दाराच्या आत लॉक ओढणारी छोटी मोटर असते, ती जाते." मी म्हटलं, "मोटर नाही, वायर आहे. दार अर्धवट उघडं असलं की कधीकधी चौथा आवाज येतो. थकलेल्या मोटरला दार किती उघडं आहे हे कसं कळणार?"

"लॅबमध्ये मुलांच्या वायरी जोडून देणारी बाई मला इलेक्ट्रिकल शिकवणार?"

"मुलांनी तोडलेल्या वायरी जोडणारी. तुमच्या पॉवर स्टेशनात वायरी तोडायला कोण येतं?"

तुम्ही हसलात. एकलहऱ्याला चौतीस वर्षं काढलेला माणूस आणि ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधली मी. हा वाद आठ महिने चालला. पॅनल उघडलं असतं तर अर्ध्या तासात मिटला असता. मी ते उघडा म्हटलं की तुमचं दुसरं काहीतरी काम निघायचंच. शेवटी मी मागच्या सीटवर किमती काही ठेवेनाशी झाले आणि भाजीची पिशवी दुसऱ्या बाजूने ठेवायला लागले. अशा सवयी लागतात आणि मग बिघाड हा बिघाड वाटेनासा होतो.

तर आज पॅनल मी उघडलं. हँडलच्या मागचा स्क्रू, कप्प्यातले दोन, मग कापड गुंडाळलेल्या उलथन्याने कडेच्या क्लिपा. एक तुटली. स्क्रू एका वाटीत, क्लिपा दुसऱ्या वाटीत, ही तुमचीच पद्धत. प्राचीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तुमची लेक पुण्यात कसलंसं सॉफ्टवेअर तपासते, पण दाराच्या आत मोटर असते हे तिला आज कळलं.

"आई, मेकॅनिकला का नाही बोलवत?"

"कारण तो सरळ मोटर बदलेल. बटण दाब."

"दाबलं."

"पुन्हा."

"दाबलं गं. काय बघतेस?"

मी बल्ब बघत होते. तुमच्याच खोक्यातला, दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. मीटर नाही वापरला. लॉकला वीज क्षणभरच जाते, मीटरचे आकडे स्थिर होईपर्यंत ती निघून गेलेली असते, बल्ब मात्र डोळा मारतो, हे तुम्हीच शिकवलेलं. मोटरकडे जाणारा प्लग काढून त्यात बल्ब लावला. दार पूर्ण उघडलं, प्राचीने बटण दाबलं, काही नाही. दार अर्धवट लोटलं, दाबलं, बल्ब पेटला. पुन्हा पूर्ण उघडलं, विझलेला.

म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचतच नव्हती, आणि तुटलं होतं ते दार वळतं तिथे, बिजागरीजवळच्या रबरी नळीत. मोटर तपासली, नव्यासारखी आहे.

मी जिंकले. सांगायला कोणी नाही. प्राचीला सांगितलं तर ती म्हणाली, "वा." इतकंच.

आता पुढचं. वायरीला हात लावायच्या आधी मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. तिथे उभी असताना इतका राग आला की पाना हातातून टाकून द्यावा वाटलं.

बारा व्होल्ट. बारा व्होल्टने माणसाला काही होत नाही. तरी तुम्ही मला लग्नानंतर पहिल्या वर्षी, तुमच्या त्या जुन्या स्कूटरवर शिकवलंत की आधी बॅटरी सोडव, मग हात लाव. घरात साधा ट्यूबलाइटचा चोक बदलायचा तर तुम्ही जिन्यातला मेन स्विच पाडायचात आणि त्याला कुलूप लावायचात. ते लाल कुलूप. पॉवर स्टेशनात कुणी मशीनमध्ये हात घालणार असेल तर आधी परमिट, मग स्विच बंद, मग स्विचवर त्या माणसाचं कुलूप, आणि किल्ली त्याच्याच खिशात. काम संपवून तो बाहेर आला की तोच कुलूप काढणार. साहेब आला तरी दुसरं कोणी काढणार नाही. रिटायरमेंटला तुमच्या सेक्शनच्या लोकांनी तुमचं कुलूप तुम्हाला भेट दिलं. "साहेब, आता वहिनींच्या मिक्सरला लावा," असं कोणीतरी ओरडलं होतं. तुम्ही खरंच लावलंत. चटणी वाटायची राहिली होती आणि तुम्ही मिक्सरच्या मोटरचे कार्बनचे ब्रश बदलत बसला होता. शेजारच्या बाई विचारायच्या, "आज कशाला कुलूप?" मी म्हणायचे, "घंटीला."

मी हसत होते, पण मला त्याचा अभिमान होता. हे तुम्हाला कधी बोलले नाही. आज बोलते, पण ते कौतुक म्हणून घेऊ नका. कारण ते कुलूप त्या दिवशी कुठे होतं? गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात. गाडी कुठे होती? नानाच्या शेताच्या बांधावर. आणि तुम्ही कुठे होतात? विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत, पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत हात घालून.

तुम्ही देवळ्याला एकटेच गेला होतात, घरच्या बाजरीचं पोतं आणायला. नानाकडे, माझ्या धाकट्या भावाकडे, कांद्याची लागवड चालू होती. बायका वाफ्याशी बसलेल्या, रोप उपटून ठेवलेलं, आणि विहिरीवरची मोटर लाईट असतानाही चालू होईना. नानाने हे सगळं मला स्वतःच सांगितलं. दवाखान्याच्या आवारात, कोणी न विचारता, माझ्यासमोर जमिनीवर बसून.

"ताई, बायका नुसत्या बसेल व्हत्या. मी म्हटलं, दाजी, बघा ना जरा, दोन मिनिटाचं काम हाय. दाजी म्हटले, मेन बंद कर. मी म्हटलं, लाईटच नाय ना आत्ता, गेलीय. काय व्हतंय? तं ते हसले अन् म्हटले, बरं, आण पक्कड."

बरं, आण पक्कड.

चौतीस वर्षं तुम्ही पोरांना ट्रेनिंग दिलंत. मी तुमची ती पाठ झालेली वाक्यं घरात ऐकली आहेत, आंघोळीला जाताना, जेवताना. वीज गेली म्हणजे बंद झाली असं नाही. गेलेली वीज कधीही येते. बंद ती, जी तुम्ही स्वतः बंद केली आणि जिच्यावर तुमचं कुलूप आहे. नवीन पोरांना हे तुम्ही लिहून काढायला लावायचात. आणि गावाकडे गेल्यावर, दहा-बारा बायका बघत असताना, मेहुण्याने दाजी म्हटल्यावर, तुम्हाला मेनपर्यंत चार पावलं चालायला लाज वाटली? की दाजी घाबरतात असं कोणी म्हणेल असं वाटलं? की खरंच दोन मिनिटांचं वाटलं? मला उत्तर हवंय. लोक म्हणतात, नशीब. नशीब नाही. लाईट आली. ती येणारच होती, त्यासाठीच सगळे बसले होते.

नानाचा फोन रोज येतो. सकाळी साडेसातला, दूध घालून आल्यावर. मी उचलत नाही. वाजून वाजून थांबतो. एरवी एकदा उचलला नाही तर पुन्हा करायचा नाही, आता रोज करतो. तेराव्याला तो आला. माहेरचा दुखवटा म्हणून माझ्यासाठी साडी घेऊन आला, सोबत त्याची बायको. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या घरात माझा भाऊ दोन तास भिंतीला टेकून बसला आणि मी त्याला पाणी विचारलं नाही, हे सगळ्या नातेवाईकांनी पाहिलं. साडीची पिशवी मी हातात घेतली नाही. "घेऊन जा," म्हटलं. तो गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर. ते एक दार लागत नाही हे त्याला माहीत होतं.

प्राची म्हणाली, "आई, मामाचं काय चुकलं? बाबांनी स्वतः..."

"घाई," मी म्हटलं. "घाई केली त्याने. लावणीच्या बायका बसल्या होत्या म्हणून माणसाला घाई केली. दोन मिनिटाचं काम म्हणे."

ती चहाचे कप उचलून आत गेली. मला वाटलं, मी बरोबर आहे हे तिला पटलं.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला माहीत असावं असा मला दाट संशय आहे.

रबरी नळी दोन्ही बाजूंनी सोडवून मागे सरकवली. आत वायरींचा जुडगा. त्यातली एक वायर जाड दिसली, मध्येच फुगलेली. तुटलेली होती आणि कधीतरी कोणीतरी जोडलेली होती. पिळून जोडलेली, सोल्डर नाही, आणि तीही नेमकी जिथे दार उघडताना वाकते तिथे. माझ्या तोंडून निघालं, "कोण गाढवाने जोडलंय हे?" वर गुंडाळलेली पट्टी इलेक्ट्रिकलची नव्हती. कापडी होती, कधीकाळी पांढरी. मी नखाने सोडवली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. वास आला, दवाखान्यातला, जुना.

जखमेला लावायची चिकटपट्टी.

प्राचीला काही कळेना. ती विचारत राहिली, "काय झालं? आई? चटका बसला का?" मी गाडीच्या उंबऱ्यावर बसले, हातात ती पट्टी.

नानाच्या मुलीच्या हळदीचा दिवस. दोन वर्षांपूर्वीचा. मी पैठणी नेसून, पूजेचं ताट, आहेर, सगळं घेऊन खाली पार्किंगमध्ये, आणि तुम्ही याच दाराशी उकिडवे बसलेले. दार लॉक होत नव्हतं आणि आहेराच्या साड्या मागे ठेवायच्या होत्या. तुटकी वायर तुम्ही शोधली होती. म्हणालात, "पाच मिनिटं थांब, वर जाऊन सोल्डर गरम करून आणतो." मी काय म्हटलं, ते मला आज शब्दन्‌शब्द आठवलं.

"तुमच्या सोल्डरसाठी हळद थांबणार आहे का? मी नवरीची आत्या आहे. आत्या नाही तर हळद कोण लावणार?"

"अगं, नुसती पिळून टिकणार नाही."

"दोन मिनिटांत उरका. काय लावायचंय ते लावा आणि चला."

तुमच्याकडे टेप नव्हती. मी गाडीतला प्रथमोपचाराचा डबा उघडला, चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आणि म्हणालात, "बरं."

हेच. बरं, आण पक्कड. बरं, दे पट्टी.

म्हणून तुम्ही आठ महिने मोटर मोटर करत होता? तुम्हाला आठवत होतं. अशा गोष्टी तुम्ही विसरत नव्हता. स्वतःच्या हाताने केलेला कच्चा जोड कुठे आहे हे तुम्हाला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मग सांगितलं का नाही? मी वायर म्हणत होते आणि तुम्ही हसत होतात. उघडलं तर पट्टी दिसणार आणि मला वाईट वाटणार, म्हणून उघडत नव्हता? मला वाईट वाटू नये म्हणून कामात खोटं बोललात? का स्वतःची लाज वाटत होती? दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला ते आवडलेलं नाही. एकदा, फक्त एकदा, माझ्यावर ओरडला असतात की बाई, हळद गेली खड्ड्यात, मी सोल्डर केल्याशिवाय उठणार नाही, तर मी आठवडाभर बोलले नसते. मग बोलले असते. आणि तुम्हाला माझ्या माहेरच्या माणसांना नाही म्हणायची सवय लागली असती.

तुम्ही कामावर कुणाचं ऐकत नव्हता. चीफ इंजिनिअरला तुम्ही परमिटशिवाय परत पाठवलेलं आहे. नाही म्हणता यायचं नाही ते फक्त आम्हाला. मला, नानाला. घरच्या माणसाने घाई केली की तुमचं सगळं ट्रेनिंग पायताणासारखं दाराबाहेर.

मी प्राचीला पट्टीचं सांगितलं. तिने पट्टी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "मग आता?"

"मग सोल्डर गरम कर."

"मला येत नाही."

"ये इकडे, शिकवते."

कुजलेला भाग कापून टाकला. नवीन वायरीचा तुकडा घातला, लांब, म्हणजे दोन्ही जोड वाकणाऱ्या जागेच्या बाहेर पडतील, एक दाराच्या आत, एक बिजागरीच्या खांबाच्या आत. जोड सोल्डर केले. वर प्लास्टिकची बारीक नळी, स्लीव्ह, सरकवून गरम करून आवळली. पहिला जोड माझा. दुसरा प्राचीचा, दोनदा पुन्हा करायला लावला. तिने तोंड वाकडं केलं, "बाबा असंच करायचे." मी म्हटलं, "कामावर." संध्याकाळ झाली. बॅटरी जोडली, बटण दाबलं. खट, खट, खट, खट. प्राचीने टाळी वाजवली आणि मग तोंडावर हात धरून रडायला लागली. मी पॅनल बसवलं. एक क्लिप कमी आहे, ती आणावी लागेल.

तुमचा रेडिओ मी प्राचीला दिला. चष्मा कोणालाच देणार नाही. खोक्यातली अवजारं माझी. हे सांगायचं राहिलं होतं.

सोमवार, १५ डिसेंबर. सकाळी कॉलेजला फोन केला की आणखी एक दिवस येणार नाही. साडेसातला नानाचा फोन वाजला. उचलला नाही. गाडीत बसले, चारही दारं लॉक केली, आणि निघाले. पिंपळगाव, चांदवड, भावडबारीचा घाट उतरून देवळा. साडेनऊला बांधावर गाडी लावली, तुम्ही लावली होती तिथेच, चिंचेखाली. खणातलं लाल कुलूप घेतलं आणि पत्र्याच्या खोलीपर्यंत चालत गेले. एकशे दहा पावलं. मी मोजली.

नाना वाफ्यातून बघत होता. हातातलं फावडं टाकून धावत आला, मग दहा हातांवर थांबला. पुढे यावं की नाही कळेना त्याला.

मेन स्विच भिंतीवर आहे, स्टार्टरपासून चार पावलांवर. त्याच्या दांड्याला कुलपासाठी भोक असतं, प्रत्येक मेन स्विचला असतं. नानाने त्या भोकात लिंबू-मिरची टांगली होती. नवी, शनिवारची. मी ती काढली आणि त्याच्या हातात दिली. दांडा खाली ओढला. शेतातली मोटर बंद पडली, पाण्याचा आवाज थांबला. भोकात कुलूप अडकवून लावलं.

"हे इथेच राहणार. पेटीत हात घालायच्या आधी दांडा खाली आणि हे कुलूप. लाईट असो, नसो. किल्ली एकच. ज्याचा हात आत, किल्ली त्याच्या खिशात. वायरमन असला तर वायरमनच्या, तुझ्या नाही."

"व्हय ताई."

"लागवडीच्या बायका बसल्या असल्या तरी."

तो लिंबू-मिरची तशीच हातात धरून उभा होता. मग मी त्याला हळदीच्या दिवसाचं सांगितलं. सोल्डरचं, पट्टीचं, मी काय बोलले ते. सगळं, त्याने मला दवाखान्याच्या आवारात सांगितलं होतं तसंच, कोणी न विचारता. तो खाली बसला. मी उभीच राहिले, कारण मी बसले असते तर उठले नसते.

मग कुलूप काढलं, दांडा वर केला. मोटर सुरू झाली. किल्ली नानाला दिली. कुलूप तिथेच, उघडं, दांड्याशेजारच्या खिळ्याला टांगलं.

तुमच्यावरचा राग जराही कमी झालेला नाही. तो मी परत घेऊन आले आहे. पण निघण्याआधी नानाच्या ओसरीवर बसले आणि त्याच्या बायकोला म्हटलं, "पाणी दे."